चार कोपऱ्यांचा नकाशा

"नकाशात माझा महाल दिसला पाहिजे, हत्ती दरवाजा दिसला पाहिजे, आणि मधला कुंभारवाडा मुळीच दिसता कामा नये!" कोळगिरीच्या उदाजीराव सरकारांनी टेबलावर मूठ आपटली. "मूळ मोजणीची एक रेघही पुसायची नाही. आणि चौकट चारच कोपऱ्यांची! आमचा शिक्का चौकोनी, तशी आमची चौकटही चौकोनी!"

राज्य जाऊन तीन पिढ्या झाल्या होत्या, पण सरकारांच्या कानावर ती बातमी अजून पोचायची होती. आता महालाचं हॉटेल व्हायचं होतं आणि त्याचा झकास नकाशा पाहुण्यांपुढे मांडायचा होता. त्यापायी महिनाभरात तीन नकाशेवाले घरी गेले होते. पहिल्याने कुंभारवाडा पुसून टाकला. मूळ मोजणी बिघडवली म्हणून त्याला हाकललं. दुसऱ्याने वर पांढरं ठिगळ चिकटवलं. छापल्यावर महालाला गळू होऊन पट्टी बांधल्यासारखं दिसलं! तिसरा नुसता रडला आणि गेला.

आता संगणकापुढे बसली होती शेवंता. तालुक्याला जाऊन संगणकावर नकाशे काढायचं कॅड शिकलेली, हाताची चलाख, आणि धोंडिबा कुंभाराची थोरली मुलगी. ही शेवटची गोष्ट सरकारांना ठाऊक नव्हती. दिवाणजींना होती, पण चौथा नकाशेवाला कोळगिरीत पाऊल टाकायला तयार नव्हता, म्हणून ते गप्प होते.

"एक रेघ न पुसता झाकता येईल, सरकार," शेवंता म्हणाली. "मोजणीचा नकाशा आपल्या नकाशाखाली नुसता जोडलेला असतो. त्याला हात लावायचाच नाही. वर चौकट टाकायची. चौकटीत येईल तेवढं दिसतं, बाकीचं झाकलं जातं. खिडकीतून बघतो ना, तसं."

"मग आधीचे तिघे काय गाढव होते?"

"ते मी कसं सांगू? तिघांना निवडलं सरकारांनी!"

दिवाणजींना एकाएकी खोकला आला. सरकारांनी मात्र मिशीवर हात फिरवला. "बरं, बरं. झाक!"

"आणि झाकलेल्याचं पुढे काय?"

"काय म्हणजे? पाडायचं! माझ्या नकाशात जे नाही, ते माझ्या जमिनीवर नाही!"

बापाचं चाक, आईचं परसातलं तुळशीचं रोप, पाच पिढ्यांची भट्टी... सगळं शेवंताच्या डोळ्यांपुढून गेलं. माउसवरचा हात थांबला. मग ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "सरकार, हे लेखी मिळेल का? उद्या पाडायला येणाऱ्या मशीनवाल्याने विचारलं, तर कुणाचं नाव सांगायचं?"

"लेखी? घे!" सरकारांनी तिथल्या तिथे हुकूम लिहिला: आमच्या जमिनीवरचे जे जे नकाशाच्या चौकटीबाहेर राहील, ते ते पाडावे. खाली सही. सहीखाली चौकोनी शिक्का!

शेवंताने चौकटीची कड धरून अलगद आत सरकवली. कुंभारवाडा नाहीसा! सरकारांनी ती जागा बघितली, कोरी दिसली, खूश झाले. त्यापलीकडे बघायची त्यांच्या घराण्यात पद्धतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्ती दरवाजासमोर पिवळं मशीन येऊन धडधडायला लागलं. सरकार एका पायात मोजडी घालून धावत आले.

"अरे थांब! हा माझ्या पणजोबांचा दरवाजा आहे!"

"असेल सरकार, पण कागदावर नाही," रज्जाक मशीनवाला अदबीने म्हणाला. "हुकूम तुमचाच आहे. पाडायचं पुष्कळ आहे, म्हटलं मोठ्यापासून सुरुवात करू!"

"शेवंताला बोलवा!"

शेवंता बोलवायच्या आधीच संगणक मांडीवर घेऊन दरवाजाच्या पायरीवर बसली होती.

"माझा दरवाजा कुठे घालवलास?"

"घालवला कुठे? हा काय पाठीमागे! चौकटीबाहेर राहिला इतकंच."

"आत घे त्याला! आत्ताच्या आत्ता!"

तिने कड बाहेर ओढली. दरवाजा आला; त्याच्या आधी अकरा घरं, चार भट्ट्या आणि एक गाढव बांधायचा खुंटासुद्धा आला!

"हे नको! नुसता दरवाजा घे!"

"महाल एका टोकाला, दरवाजा दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आमची घरं. चार कोपऱ्यांत हेच बसतं, सरकार."

"मग कोपरे वाढव! किती लागतील?"

"बावीस." तिने झटक्यात आखूनही दाखवले. चौकट कुठे आत, कुठे बाहेर, कुठे भट्टीला वळसा. "हे घ्या. पण पाहुणे विचारतील, राजांचा नकाशा उंदरांनी कुरतडला का? काय सांगायचं त्यांना?"

रज्जाकने मशीन बंद केलं. दिवाणजींना पुन्हा खोकला आला. सरकार त्या कुरतडलेल्या चौकटीकडे बघत राहिले, मग रज्जाकच्या हातातल्या हुकुमावरच्या चौकोनी शिक्क्याकडे. मग एकदम थबकले.

"काय म्हणालीस? 'आमची' घरं?"

"तिसरं माझं, सरकार. धोंडिबा कुंभाराचं."

आधी सरकारांची मिशी हलली, मग खांदे, मग पोट! असे खदखदून हसले की पायातली एकुलती मोजडीही निघाली. "माझ्याच शिक्क्याने मला कोंडलंस, पोरी! दिवाणजी, तो हुकूम फाडा. कुंभारवाडा राहील, घरं त्यांच्या नावावर होतील, हॉटेलातला प्रत्येक माठ आणि चहाचा प्रत्येक कुल्हड तिथूनच येईल! आणि आजपासून नकाशांची मुख्य ही!"

शेवंताने हात जोडले, आणि पुन्हा त्याच गोड आवाजात म्हणाली,

"सरकार, हेही लेखी मिळेल का?"

सरकार हसत हसतच दरवाजाच्या पायरीवर बसले, आणि त्यांनी शिक्का आणि शाई मागवली.