काळ्या दोऱ्याची कोंबडी

“एखादी खुडूक कोंबडी असेल का हो बाबा, तुमच्याकडं? अंडी उबवायला बसलेली?”

केरबानं विचारलं आणि मान खाली घातली. काखेतल्या टोपलीत, भुश्शात बसवलेली तेरा अंडी होती.

मदारशाबाबा म्हणजे टेकडीवरच्या तकियातले म्हातारे फकीर. कोंबड्यांची पारख पंचक्रोशीत त्यांच्याइतकी कुणाला नव्हती, आणि केरबा त्यांचाच चेला. बारा वर्षांपूर्वी गेला तो पुन्हा फिरकला नाही. जाताना चार माणसांत म्हणाला होता, बाबांच्या कोंबड्या म्हणजे झिजलेल्या केरसुण्या, मी सोन्याच्या करून दाखवीन.

आणि केल्या पठ्ठ्यानं, खोटं कशाला बोला. गळ्यापासून पोटापर्यंत अशी सोनेरी छाती की उन्हात बघणाऱ्याची नजर हलत नसे. कुणाचा रंग आईचा, कुणाचा आज्याचा, एखादा तपकिरी ठिपका कुठल्या पिढीतून वर आला, सगळं त्याला तोंडपाठ. रंगात खोट दिसली की त्या पक्ष्याच्या पायात तो काळा दोरा बांधायचा. काळा दोरा म्हणजे बाजार, आणि बाजार म्हणजे सुरी.

गेल्या आठवड्यात खुराड्यात रानमांजर शिरलं. कोंबडा गेला, अंड्यावर न आलेल्या तरण्या तलंगा गेल्या, तीन कोंबड्या तेवढ्या वाचल्या. केरबानं कुणाला सांगितलं नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथं तर झाकायला कोंबडंच उरलं नव्हतं. गावाला सगळं कळलं होतं.

कोंबड्याशिवाय त्या तिघींचा वंश पुढं जाणार नव्हता. आता बारा वर्षांचा तो रंग पुढं न्यायला ही तेरा अंडीच होती, दुसरं काही नाही. उबवायचं मशीन होतं, पण ऐन वेळी जळालं. अंडी आठ दिवसांची झाली होती. अजून थोडे दिवस गेले तर ती नासणार होती, आणि गावात या दिवसांत कुणाचीच कोंबडी बसलेली नव्हती.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

“तीन उरल्यात ना? त्यातली एखादी बसेल की.”

“नाही बसत. अंडं टाकतात आणि ढुंकून बघत नाहीत.”

“पूर्वी बसायच्या?”

“बसायच्या.”

“मग?”

केरबा टोपलीतला भुस्सा उगाच सारखा करत राहिला...

“खुडूक कोंबडी छातीची पिसं उपटून टाकते, बाबा. अंड्यांना कातडीची ऊब लागावी म्हणून. छाती उघडी पडते. रंगच जातो.”

“अन् मग तू काय करायचास?”

केरबाचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. खिशात दोऱ्याचं बंडल होतं. बारा वर्षांची सवय, ते त्याच्याजवळ असायचंच.

बाबा उठले. तकियाच्या मागच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला एक फुटकी पाटी होती. तिच्यात एक कोंबडी बसली होती. मळकी, विस्कटलेली, शेपटीची दोनच पिसं धड. बाबांनी तिला हलकेच एका बाजूनं उचललं. पायात दोऱ्याचा तुकडा होता, विटलेला, पण काळा.

गाठ केरबाची होती. आपली गाठ माणूस ओळखतो.

दोन वर्षांपूर्वी खाटकाच्या पाटीतून उचलली, बाबांनी सांगितलं. तेव्हापासून वर्षातून तीनदा बसते. आत्ता नऊ अंड्यांवर बसली होती आणि आज विसावा दिवस होता.

पुढचं केरबाला कुणी सांगायची गरज नव्हती. उद्या पिल्लं निघतील, ती त्यांच्यामागं चरायला जाईल. पुन्हा बसेल तोवर याची तेराही अंडी वाया गेलेली असतील.

“खालची काढ,” बाबा म्हणाले. “तुझी ठेव. निवडायची तुला सवय आहे.”

केरबा गुडघ्यावर बसला. टोपली शेजारी ठेवली आणि हात तिच्या पोटाखाली घातला. कोंबडीनं मनगटावर टोच मारली. त्यानं हात मागं घेतला नाही.

छाती उघडीच होती. एक पीस नाही. तव्यावरून उतरलेल्या भाकरीइतकी गरम.

त्याच्या मुठीत एक अंडं आलं. अंड्यात काहीतरी हललं, आणि आतून बारीकसा आवाज आला... पुन्हा आला.

त्यानं मूठ सैल केली, अंडं होतं तिथंच ठेवलं. मग हात बाहेर काढला. रिकामा.

“ज्यांच्या अंगात ऊब होती त्या सगळ्या मीच सुरीखाली घातल्या, बाबा,” तो म्हणाला आणि रडायला लागला. एवढा मोठा गडी, पण त्याला आवरेना. एकेक कोंबडी आठवत होती त्याला, कुठली कुठल्या साली, कुणाची लेक. तोंडपाठ होतं ना सगळं.

बाबांनी त्याला रडू दिलं.

“आणि ही तेरा?” शेवटी केरबानं विचारलं. “यांचं काय करू?”

बाबा टोपलीकडं बघत राहिले. एक अंडं उचललं, उन्हात धरलं, परत भुश्शात ठेवलं. कौतुक वाटलं असावं, आणि वाईटही.

मग ते जमिनीवर बसले. कफनी घोट्यावरून वर सारली आणि पाय केरबापुढं केला.

“बंडल काढ, केरबा. एक दोरा माझ्या पायात बांध... खोट दिसली की दया करू नकोस, हे तुला मीच शिकवलं होतं.”