पडद्याकडे पाठ

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंना स्वतःचा पहिला चित्रपट दाखवायला घेऊन आला. चित्रपट एका खऱ्या घटनेवर होता: गावाच्या नदीवरचा नवा पूल पहिल्याच पुरात कोसळला होता, माणसे वाहून गेली होती. पुलातले सिमेंट कोणी खाल्ले हे साऱ्या गावाला ठाऊक होते, पण सगळे मूग गिळून बसले होते. बोलली एकटी हौसाबाई. तिचा नवरा त्या पुलावर होता. "मला याच गावात ऱ्हायाचं हाय, दादा," असे म्हणत ती कचरली, तेव्हा शिष्य म्हणाला होता, "मी आहे ना!" मग तिने कॅमेऱ्यासमोर मंत्र्याचे नाव घेतले.

तालुक्याच्या नाट्यगृहात अख्खे गाव लोटले होते. हौसाबाईला शिष्याने स्वतःच्या गाडीतून आणले होते. गुरूंना त्याने पुढच्या खुर्चीवर बसवले. दिवे मालवताच गुरूंनी ती खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसले. शेवटपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. शिष्य रडकुंडीला आला.

पडद्यावर हौसाबाईने नाव घेतले तेव्हा अंधारात शिट्ट्या वाजल्या, "चोर! चोर!" असा गलका उठला. दिवे लागले आणि दारातून साक्षात मंत्रिमहोदय आत आले! टाळ्या वाजवत ते मंचावर चढले. "अशा निर्भीड तरुणांची देशाला गरज आहे," म्हणत त्यांनी शिष्याच्या खांद्यावर शाल घातली, हाती नारळ दिला. वडीलधाऱ्याने सत्कार केला की वाकायचे, हे आपल्या हाडीमाशी खिळलेले. शिष्यही वाकला.

गर्दी पांगल्यावर तो गुरूंपाशी आला. "गुरुजी, तुम्ही माझा चित्रपट पाहिलाच नाहीत."

"बाळ, तो या लोकांनी पूल पडला त्याच दिवशी पाहिला होता. तू कोणतं गुपित फोडलंस? मला पाहायचं होतं ते समोर बसलं होतं. अंधारात चोर म्हणणारेच उजेडात मंत्र्याच्या पाया पडायला रांगेत उभे राहिले. हौसाबाईजवळच्या खुर्च्या मात्र भराभर रिकाम्या झाल्या. सत्ता पडद्याला भीत नाही. दिवे लागले की माणसं शहाणी होतात, हे ती जाणून आहे."

"पण मी तर सत्य दाखवलं!"

"दाखवलंस. कोण नाही म्हणतो? ती बाई घरी कशी गेली?"

शिष्य धावतच बाहेर गेला, गाडी काढली आणि एसटीचा थांबा गाठला. गावकरी शेडच्या सावलीत दाटीवाटीने उभे होते. हौसाबाई एकटी, लांब उन्हात उभी होती.

"चला हौसाबाई, गाडी आणलीये."

तिने त्याच्या खांद्याकडे पाहिले.

"नगं दादा," ती म्हणाली. "शाल बरी दिसतीया तुमास्नी."

एवढे बोलून ती रस्त्याकडे पाहत राहिली. शिष्यही तिथेच उन्हात उभा राहिला. त्या शालीचे आता काय करावे, हे त्याला कळेना.