गळती

"…पण एकदा तोंडातून गेलेला शब्द परत घेता येतो का, आई? शास्त्र काय म्हणतं?"

मठ चालवणाऱ्या सारजाआई ज्वारी निवडत होत्या. ओसरीवर आणखी चार-पाच बाया सुपं घेऊन बसल्या होत्या. दुपारच्या पंगतीची तयारी चालली होती.

"कोणता शब्द?" आईंनी विचारलं.

भास्करराव गुल्हाने जरा अडखळले. मठात रोज पोथी तेच वाचत, अर्थही तेच सांगत. आवाज असा खणखणीत, की अंगणापलीकडच्या विहिरीवरही ऐकू जाई. आज मात्र ते आईंच्या अगदी जवळ सरकून बसले होते.

"म्हणजे असं बघा… एखाद्यानं रागाच्या भरात दुसऱ्यावर आळ घेतला…"

"एखाद्यानं?"

"…मी."

"कोणावर?"

"माझ्या भाडेकरणीवर. वच्छला तायडे तिचं नाव. शाळेत मुलांची खिचडी शिजवते. घरामागच्या दोन खोल्या तिला दिल्यात."

"सांगा."

"पाण्याचं मीटर एकच आहे, आई. बिल माझ्या नावानं येतं, निम्मं ती देते. या उन्हाळ्यात बिल तिपटीनं आलं. पुढचं त्याहून मोठं. आमच्या घरी आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी, आम्हाला पाणी लागतं किती? शेजारी एक इमारत उभी राहतेय. मला वाटलं, ही तिथं पाणी विकते."

"पाहिलंत?"

"नाही."

"मग?"

"वाटलं."

आईंनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"ती काही बोलली नव्हती?"

"बोलली होती…" भास्कररावांनी मान खाली घातली. "बिल यायच्या आधीच. म्हणाली, भाऊ, मागची भिंत खालून ओली होतेय, एकदा बघून घ्या. पुन्हाही एकदा म्हणाली."

"मग तुम्ही?"

"मी म्हटलं, मोरीत पाणी जरा बेतानं ओतत जा."

ओसरीवर सुपांचा आवाज तेवढा चालू होता.

मग उरलेलं भास्कररावांनी खालमानेनंच सांगितलं. एके सकाळी त्यांनी संतापून वच्छलाबाईंचा नळ मागच्या बाजूनं बंद केला. आता बघू बिल कसं वाढतं, म्हणून मीटरपाशी गेले. त्यांच्या स्वतःच्या घरातही तेव्हा एकही नळ सुरू नव्हता. तरी मीटरचा काटा फिरत होता. त्यांनी प्लंबरला बोलावलं. मागच्या भिंतीलगत फरशी फोडली, तर खाली चिखल. घर बांधताना भास्कररावांनीच टाकून घेतलेला पाइप गंजून सडला होता, आणि त्यातून पाणी सारखं जमिनीत मुरत होतं.

"पाइप बदललात?"

"त्याच दिवशी."

"तिचे पैसे?"

"परत केले. तिनं निम्मे दिले होते, ते सगळेच्या सगळे."

"माफी?"

"मागितली, आई. संध्याकाळी तिच्या खोलीत गेलो, हात जोडले. ती म्हणाली, असू द्या भाऊ, होतं असं कधी कधी. चहासुद्धा केला तिनं."

"मग राहिलं काय?"

"मला पोथी वाचवत नाही," ते म्हणाले. "तोंड उघडलं की कोरड पडते. काहीतरी प्रायश्चित्त सांगा. उपास सांगा. नाहीतर… मठाला पाण्याची टाकी बांधून देतो."

"शब्द कोणता, ते राहिलंच की."

भास्कररावांनी ओसरीवरच्या बायांकडे पाहिलं. मग आईंच्या कानाशी वाकून ते पुटपुटले, "चोर."

"ऐकू आलं नाही."

"चोर म्हणालो."

"ऐकू नाही आलं, भास्करराव."

एका बाईनं सूप थांबवून वर पाहिलं. भास्कररावांच्या कानशिलावर घाम आला.

"मी… मी तिला चोर म्हणालो."

"काय?"

"चोर!" ते ओरडलेच. "पाणीचोर म्हणालो मी तिला! त्या बाईनं काही केलं नव्हतं, आणि मी तिला चोर म्हणालो!"

सगळी सुपं थांबली. विहिरीवर कोणी रहाट ओढत होतं, तोही थांबला.

आईंनी आपलं सूप खाली ठेवलं.

"मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," त्या म्हणाल्या.

भास्कररावांनी कानशिलावरचा घाम पुसला.

"तिला कुठं म्हणालात?"

"गल्लीत. सकाळी पाणी येतं त्या वेळेला. सगळे बाहेर होते."

"मग गल्लीनं काय केलं?"

"शेजारीण बाहेरची बादली आत नेऊन ठेवू लागली. वच्छलाबाई दिसली की बाया नळाला कुलूप घालतात. ती आता कोणाकडे बघत नाही. भिंतीकडेनं जाते, भिंतीकडेनं येते."

"आणि माफी कुठं मागितलीत?"

"तिच्या…"

आईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. भास्करराव दंडवत घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले ते थेट जवळ आले नाहीत. पायरीवरच बसले. आवाज पार बसला होता.

"बोललो, आई. पाणी यायच्या वेळेला. गल्लीच्या मधोमध उभा राहिलो. बाई निर्दोष आहे, गळका पाइप माझा होता, तिनं सांगूनही मी बघितला नाही, सगळं बोललो. शेजारणीनं बादली तिथंच खाली ठेवली. सगळ्यांनी ऐकलं."

"आणि तिनं?"

"ती दारातच उभी होती. शेवटपर्यंत ऐकलं."

"मग?"

"मग आत गेली… आणि दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर. मी कडी वाजवली. वच्छलाबाई, म्हटलं. आतून उत्तर नाही. परवा हीच बाई चहा करून देत होती, आई. असू द्या म्हणत होती. आणि आज सगळी गल्ली बघत असताना मी तिथं उभा… माझ्याच घराच्या दारासमोर… भिकाऱ्यासारखा."

भास्कररावांनी पायरीवरून वर पाहिलं.

"घरी आलो तर बायकोच्या डोळ्याला डोळा देववेना. आता तुम्हीच सांगा. तिनं दार उघडावं म्हणून मी आणखी काय करू?"

"दार तिचं आहे," सारजाआई म्हणाल्या.