शंभरातले दोन-तीन

“…पण ज्यांनी संगणकाची प्रणालीच फुकट घेतली, ती माणसं खेळ विकत घेतील का, माई?”

अंबूमाई चिंचा फोडत होत्या. नदीकाठच्या त्यांच्या मठीत हल्ली फारसं कुणी फिरकत नसे. पराग टिळेकर शहरातून मुद्दाम सल्ला विचारायला आला होता. संगणकावरचे खेळ बनवणारी त्याची कंपनी होती. त्याची आणि धाकट्या भावाची. आषाढापासून एकट्याची.

“कुठली प्रणाली?”

“लिनक्स म्हणतात. तिला मालक नाही. हवी त्याने घ्यावी, उघडून बघावी, बदलावी.”

“फुकटच्या घरात राहणारा भाजी विकत घेत नाही का रे?”

परागला हसू आलं. याचं उत्तर त्याने भल्याभल्यांना दिलं होतं.

“घेतो ना. पण असे आहेत किती? शंभरात दोन-तीन. त्यातही एकाचं घर दुसऱ्यासारखं नाही. प्रत्येकासाठी खेळ वेगळा तपासायचा. आणि आता विकतच्या प्रणालीवरचा खेळही तिथे चालतो. मध्ये दुभाष्यासारखा एक प्रोग्राम बसवला की झालं. मग त्यांच्यासाठी निराळा बांधायचा कशाला?”

“बांधला कुणी होता?”

“…मयूरेशने.”

माईंनी एक चिंचोका बाजूला टाकला.

“मी तेव्हाच नको म्हटलं होतं. ऐकेल तर ना. म्हणायचा, दादा, ती आपली माणसं आहेत. आता त्याचं काम पुढे नेणारं कुणी नाही. उद्या बंद करतोय. तुम्ही फक्त ‘कर’ म्हणा.”

“तुझं गणित पक्कं आहे. मग माझं ‘कर’ कशाला हवं?”

परागने तो चिंचोका उचलून बोटांत फिरवला.

“म्हणजे तुझ्या लेखी ते दोघे-तिघे कच्चं लिंबू.”

“तसंच समजा. खेळू द्यायचं, धरायचं नाही.”

“आणि रुसत नाहीत?”

“रुसतात कसले! सगळ्यांत जास्त तेच लिहितात. हे अडकलं, ते अडकलं. नुसती कुरकुर नाही, का अडकलं तेही शोधून पाठवतात. त्यांनी दाखवलेली चूक सुधारली की बाकीच्यांचाही खेळ सुधारतो. ते मला कबूल आहे. पण त्याला बाजार म्हणत नाहीत, माई.”

“अजून लिहितात?”

“हो.”

“कुणाला?”

परागने नदीकडे पाहिलं. पलीकडे काठावर चार माणसं खाली वाकून अस्थी सावडत होती.

“मयूरेशला.”

माईंचे हात थांबले.

“आज सकाळीच एकाने लिहिलं… ‘बरेच दिवस तुझं उत्तर नाही. कामात असशील. सवडीने बघ.’”

“तू काय उत्तर दिलंस?”

“काही नाही. उद्या तिथल्या सगळ्या गिऱ्हाइकांना सूचना जाईल. हा खेळ यापुढे तुमच्या प्रणालीवर मिळणार नाही, म्हणून.”

“त्यात त्याचं नाव आहे?”

“…नाही.”

 मग माईंनी पदराला हात पुसले.

“मयूरेश गेला तेव्हा मला निरोप धाडलास. का रे?”

“असं काय विचारता? तुम्ही घरच्या.”

“आणि ज्यांनी तुमचे खेळ विकत घेतले, त्यांना?”

“त्यांना कशाला…”



“बरोबर आहे तुझं,” माई म्हणाल्या. “गिऱ्हाइकाला मरण कळवत नाहीत. दुकान बंद ठेवतात.”

परागने पुन्हा नदीपलीकडे पाहिलं. पलीकडची माणसं उठून चालू लागली होती. 

“तरी सांगा, माई. तिथे बाजार आहे की नाही?”

माईंनी चिंचांचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

“आधी त्यांना कळव. मग मोज.”