उसनी दिलेली चाके

एकदा एक वस्ताद आपल्या शिष्याला घेऊन मोटारसायकलींच्या अजिंक्यपद मालिकेच्या शेवटच्या फेरीला गेला. वस्ताद कुस्तीतला नव्हता; पण तरुणपणी हाडे मोडून घेण्याच्या कामी त्याने भल्याभल्या पैलवानांना मागे टाकले होते. आता तो शर्यतीच्या गाड्या जुळवीत असे आणि, त्याहून अवघड काम म्हणून, गाडीवर बसणाऱ्यालाही जुळवीत असे.

शिष्य वेगवान होता. त्याचा गुण मनगटात होता आणि दोष मानेत. वळणावर तो गुडघा जमिनीला टेकेपर्यंत झुके, आणि वळण संपले की मान वळवून पाही. मागचा कुठवर आला, दुसऱ्याने काय केले, आपण तेच करायला हवे होते काय, या चिंतेत त्याचे निम्मे डोके सदैव गुंतलेले असे. उरलेल्या निम्म्यावर तो शर्यती जिंकत होता, यावरून त्याची योग्यता लक्षात यावी.

मालिकेत सर्वांच्या गाड्या एकाच बनावटीच्या होत्या. चाके मात्र दोन प्रकारची: कोरड्या ट्रॅकसाठी गुळगुळीत टायरची, ओल्यासाठी खाचांच्या टायरची. शर्यत चालू असताना आत, आपल्या तंबूत, येऊन चाके बदलण्याची मुभा नियमांत होती. नियम करणाऱ्यांनी ती दयाबुद्धीने दिली होती. तिचा उपयोग मुख्यतः पश्चात्ताप करण्यासाठी होत असे.

मागच्या फेरीत शिंतोडा पडताच शिष्य आत आला आणि खाचांची चाके चढवून गेला. थोड्या वेळाने ऊन पडले, तेव्हा पुन्हा आत आला. त्या दिवशी तो गाडीपेक्षा स्टुलावरच जास्त बसला, असे मेकॅनिक अजून सांगत. मोसमभर कमावलेली आघाडी त्या स्टुलावर संपली. आता त्याचे आणि गतविजेत्याचे गुण सारखे होते. आज दोघांत जो पुढे राहील, तो अजिंक्य.

संघाचा खर्च एक अगरबत्तीचा व्यापारी करीत असे. त्याच्या मालाचे नाव शिष्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत होते, म्हणजे ते वाचायला कोणीतरी नेहमी मागे असायला हवे. व्यापाऱ्याने सकाळीच बजावले होते, "वस्ताद, आज हरलात तर गाड्या विकून टाकणार. पुढच्या वर्षी मी भजनी मंडळाला पैसे देईन. ती माणसं पडत तरी नाहीत."

सुटण्याची वेळ जवळ आली तेव्हा निम्मे आभाळ उघडे होते आणि निम्मे काळे.

"कोणती चाकं, वस्ताद?" शिष्याने विचारले.

"गुळगुळीत."

"गतविजेत्यानं कोणती घातलीत?"

"आभाळ वर आहे, लेका. त्याच्या तंबूत काय बघतोस?"

तरी शिष्याने पाहिले. गतविजेत्यानेही गुळगुळीतच घातली होती. पण त्याच्या तंबूत खाचांची चाके हारीने तयार होती. शिष्याच्याही तंबूत तसा एक जोड होता. त्याकडे पाहून त्याला जरा धीर आला.

तेवढ्यात रांगेत सर्वांत शेवटी उभा राहणारा एक स्वार तिथे आला. त्याच्या अंगावर कोणाच्याच मालाचे नाव नव्हते. तो संकोचून म्हणाला, "वस्ताद, कोरड्यात मी शेवटचा येणार हे ठरलेलंच आहे. पाऊस आला तर काही आशा. माझ्याकडे खाचांची चाकं नाहीत. तुम्हाला लागणार नसतील, तर..."

स्पर्धकाने मागितली वस्तू शक्य असेल तर द्यायची, ही त्या मैदानावरची जुनी रीत. शक्य असेल तर, हे त्यातले महत्त्वाचे शब्द. वस्ताद उठला आणि दोन्ही चाके स्वतः ढकलत त्याच्या हवाली करून आला.

व्यापारी ओरडला, "अहो, डोकं फिरलं काय तुमचं? पाऊस आला तर हा काय घालणार? माझ्या अगरबत्त्या?"

शिष्य रिकाम्या जागेकडे पाहत म्हणाला, "वस्ताद, आपल्याकडे तो एकच जोड होता."

"माहीत आहे. मीच आणला होता." वस्तादाने त्याच्या हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला. "ऐक. ओलं झालं तर पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांवर चाक नेऊ नकोस. मूठ हळू पीळ. गाडी धरवेनाशी झाली तर कडेला घे आणि थांब, त्यात शरम नाही. पण चाकांसाठी आत येऊ नकोस. ती नाहीत."

शर्यत सुटली. शिष्य आणि गतविजेता इतरांना मागे टाकून निघाले, आणि मैदानाच्या टोकाच्या वळणावर पहिला थेंब शिष्याच्या हेल्मेटच्या काचेवर पडला. मग दुसरा. मग मोजण्यात अर्थ उरला नाही.

मागचे चाक सरकले. गाडी सावरली आणि सवयीप्रमाणे मान तंबूकडे वळली. चाके ठेवलेली असत नेमक्या त्या जागी वस्तादाने स्टूल मांडले होते आणि तो त्यावर बसून चहा पीत होता.

शिष्याने आयुष्यात प्रथमच गुरूला शिवी दिली. हेल्मेटमुळे ती आतच राहिली. मग करण्यासारखे दुसरे काही नसल्याने त्याने समोर पाहिले.

समोर ट्रॅक होता. चमकणारा भाग ओला, मळकट दिसणारा कमी ओला. त्या मळकट वाटेवरून त्याने गाडी नेली. ब्रेक लवकर आणि हलका, मूठ हळू. गतविजेता चाके बदलायला आत वळला, तेही त्याला नीट दिसले नाही. थोड्या वेळाने उसन्या चाकांवरचा शेवटचा स्वार त्याला ओलांडून पुढे गेला. जाताना त्याने आदराने हात केला, त्यामुळे शिष्याचा संताप आणखी वाढला. पाठोपाठ नव्या चाकांवरचा गतविजेता गेला. त्याने हातबित काही केला नाही.

मग आले तसे ढग निघून गेले आणि वारा सुटला. मळकट वाट रुंद होऊ लागली. खाचांचे मऊ रबर कोरड्यावर तापून गुळासारखे पाघळते. उसन्या चाकांचा स्वार मागे पडला. गतविजेत्याची गाडी वळणावळणावर डुलू लागली. पुन्हा आत जाण्याइतकी शर्यत शिल्लक नव्हती. शेवटच्या लॅपला शिष्य त्याच्या मागच्या चाकापाशी पोचला. अखेरच्या वळणावर गतविजेता बाहेर सरकला आणि आतल्या बाजूने, एका मोटारसायकलीला पुरेल एवढ्या फटीतून, शिष्य निघाला.

आता फक्त सरळ रस्ता. मागून इंजिनाचा आवाज जवळ येत होता. मान वळू लागली. वळली नाही.

रेषा ओलांडल्यावरही त्याला खात्री नव्हती. व्यापारी कठड्यावर चढून अगरबत्त्यांचे पुडे हवेत उडवताना दिसला, तेव्हा ती झाली.

गर्दी पांगल्यावर तो वस्तादासमोर उभा राहिला. "पाऊस टिकला असता तर?"

"तर हरलो असतो. मी वेधशाळा नाही."

"मग चाकं का दिलीत?"

वस्ताद म्हणाला, "मागच्या फेरीत तू पावसानं हरला नाहीस. एका जोडीवर बसून दुसरीचा विचार करत होतास, म्हणून हरलास. ओल्यात गाडी कशी न्यायची, हे मी तुला केव्हाच शिकवलं होतं. पण माणूस शिकलेलं कधी वापरतो? हाताशी दुसरं काही नसलं म्हणजे. आज थेंब पडले तेव्हा तुझं मन कुठं गेलं?"

शिष्य म्हणाला, "तंबूकडे गेलं होतं. तिथं तुम्ही बसला होता."

"मग?"

"मग परत आलं."

तेवढ्यात तो शेवटचा स्वार चाके परत घेऊन आला. रबराच्या पार चिंध्या झाल्या होत्या आणि तो लाजत होता. पण आज प्रथमच त्याच्या मागे कोणीतरी आले होते. शिष्याने त्याच्याकडून चाके घेतली, त्याचे आभार मानले, आणि कशाबद्दल ते त्या स्वाराला कळेना.

ज्यांच्या तंबूत अजून दुसरी चाके तयार ठेवलेली आहेत, त्यांनी शेजाऱ्याला ती हवी आहेत काय, एवढे तरी विचारून पाहावे.