सहावा झिरा

उन्हाळ्यात पाथरटोल्याच्या नाल्यात उतरलात की पाय घोट्यापर्यंत वाळूत रुततो, आणि त्या वाळूत जागोजाग मोहाच्या पोकळ ओंडक्यांची तोंडं दिसतात. ओंडका उभा पुरलेला, त्यात हातभर खाली नितळ पाणी, शेजारी जनावरांना उतरता यावं म्हणून सपाट उताराचा एक खड्डा, आणि काठावरच्या खुंटीला पाण्याने भरलेला भोपळ्याचा तुंबा टांगलेला. याला आम्ही झिरा म्हणतो. मोजणीवाले साहेब येतात आणि वहीत सहा झिरे लिहून जातात. गावात कुणालाही विचारा, तो सात सांगेल. साहेबांच्या मोजणीतून गळतो तो सहावा. तिथे ओंडका नाही, तुंबा नाही. पुरुषभर खोल कोरडा खड्डा आहे आणि त्याच्या काठावर एक काळी शिळा पडलेली आहे. शिळेच्या एका कडेला बारीक ओरखडे आहेत. पाहुण्यांनी हात लावून बघायला हरकत नाही, पण बसू नका तिच्यावर.

पाच पिढ्यांमागची गोष्ट आहे असं सांगतात. त्या वेळी झिरे उघडण्याचा मान कुळमेथ्यांच्या घराकडे होता आणि त्या घरात पैकू कुळमेथे हा कर्ता होता. होळीनंतरच्या पाचव्या दिवशी पैकू नाल्यात उतरायचा, वाळूवर पालथा हात ठेवायचा, आणि जिथे हाताला गारवा लागेल तिथे उकरायचा. त्याचा हात कधी चुकला नाही. तालुक्याहून येणाऱ्या वाटेवर पहिला झिरा, मग नाल्यानाल्याने दुसरा, तिसरा असं करत सहावा गावाच्या अलीकडे कोसभर, आणि सातवा गावाच्या पलीकडे डोंगराच्या घळीत. गावाला एक विहीर होती. झिरे खरे वाटसरूंचे आणि जनावरांचे. पहिल्या दिवशीच्या पाण्याला माणसाने तोंड लावायचं नाही, ते रानाचं, असा दंडक होता. सातांत सहावा भरवशाचा. नाला भाजून निघाला तरी सहाव्याचं पाणी वीतभरही उतरायचं नाही म्हणे.

पैकूचा दुसरा लौकिक मागकाढ्याचा. मोडलेली काडी बघून तो जनावर कोणतं, केव्हा गेलं, गाभण होतं की नव्हतं, सगळं सांगायचा. लोक म्हणत, पैकूच्या डोळ्यांतून मुंगीही सुटत नाही. त्यालाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोला.

त्याचा एकुलता एक मुलगा लालसू. लग्नाचा झाला होता, मुलगी बघून ठेवली होती. त्या वर्षी माघात जमीनदाराच्या माणसांनी चितळ मारल्याच्या आळावरून त्याला धरलं आणि तालुक्याच्या कोठडीत टाकायला नेलं. त्याने चितळ मारलं नव्हतं, पण गरिबाचं ऐकतो कोण? आई तानूबाई तुंबा भरून मागे धावली, तर हा हात बांधलेले असतानाही हसला.

"माय, बाबाचे सात झिरे अस्ता तुंबा कायले?"

बरोबरच होतं त्याचं. झिरे उघडायचे दिवस अजून आले नव्हते, पण माघात नाल्यात डबकी असतातच, आणि उन्हाळ्यात बापाचे झिरे. पाथरटोल्याच्या माणसाने कधी त्या वाटेवर पाणी बांधून नेलंच नव्हतं. बाहेरच्या माणसाने नेलं असतं.

फाल्गुनात जमीनदाराचा एक पाहुणा शिकारीला आला. त्याचं नाव गावाने लक्षात ठेवलं नाही, बंदूकवाला एवढंच म्हणतात. दुनळी बंदूक, दोन तंबू, कातडी खारवायला मिठाची पोती. त्याला दिवाणखान्यासाठी मोठ्या शिंगांचं सांबर हवं होतं, आणि त्याहून जास्त हवं होतं ते डोंगरातलं म्हातारं अस्वल, जे आजवर कुणाच्या बंदुकीपुढे आलं नव्हतं. त्याने पैकूला बोलावलं. पैकूने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय!

"सरकार, माह्या पोराले सोडवा जी. त्यानं काईच केलं नाई."

"एक चिठ्ठी लिहिली की सुटेल," बंदूकवाला म्हणाला. "पण आधी अस्वल. अस्वल पडलं की त्याच दिवशी चिठ्ठी."

पंधरा दिवस दोघे रान तुडवत होते. सांबर दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. अस्वलाची विष्ठा सापडायची, अस्वल नाही. बंदूकवाला वैतागला. तो शिकारीत मुरलेला माणूस होता. एके सकाळी त्याने विचारलं, "या रानात पाणी किती ठिकाणी आहे?"

"सात ठिकानी, सरकार," पैकूने छाती फुगवून सांगितलं. "माह्याच हातचे हायेत साती."

"मग सहा बंद कर."

पैकूने हात जोडले. बंदूकवाल्याने एवढंच म्हटलं, "मुलगा तुझा आहे, माझा नाही."

घरी तानूबाईने ऐकलं आणि ती चुलीपुढून उठली. "पानी बांधू नोको. मुक्या जिवाचा तळतळाट लागल. पानी कोनाच्या बापाचं नाई."

"माहीत हाय मले," पैकू म्हणाला. "चार दिवसाची गोष्ट हाय. लालसू आला का सारे खोलतो."

त्याने सहाही झिऱ्यांवर बोरीच्या काटेरी फांद्यांचे ढीग रचले आणि वर धोंडे ठेवले. सातव्या झिऱ्यापाशी दगडाधोंड्यांचं लपण केलं आणि त्यात बंदूकवाल्याला बसवलं.

चार दिवसांचे पंचवीस झाले. तहानलेली जनावरं घळीत येऊ लागली आणि बार वाजू लागले. आधी चितळं पडली, मग सांबरं. मोठ्या शिंगांचं सांबर चैत्राच्या शेवटी पडलं, तेव्हा त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. बार वाजला तरी बाकीची जनावरं पळून जाईनात, थोडं हटून पुन्हा पाण्याकडे बघत उभी राहायची. बंद झिऱ्यांभोवती मोर मरून पडलेले दिसायचे. तिसऱ्या झिऱ्यावर एक सांबरीण काट्यांत तोंड खुपसून मेलेली पैकूने पाहिली. तिला बाजूला ओढून त्याने काटे पुन्हा नीट लावले. त्याला लाज वाटत होती, रडूही येत होतं, पण हात काम करत होते. अस्वल मात्र येत नव्हतं.

वैशाखातल्या एका भर दुपारी तो झिरे बघत नाल्याने उतरला. पाचव्या झिऱ्याशी येतो तो काटे विस्कटलेले. धोंडे ढकललेले, वाळू हातभर उकरलेली, बोरीच्या काट्यांवर रक्ताचे थेंब. एक फांदी ओंडक्यात इतकी घट्ट रुतून बसली होती की उकरणाऱ्याला ती निघाली नव्हती. पैकू वाळूवर ओणवला. त्याने खाली बघितलं. सुक्या वाळूत ठसा धड राहत नाही, कडा ढासळतात. अस्वलाचा मागचा पाय आणि माणसाचा अनवाणी पाय यांत मुळातच फरक थोडा, तो नखांचा, आणि नखांची खूण वाळूत राहिली नव्हती. तरी पैकूला तो फरक कळायला हवा होता. त्याने पाहिलं नाही, की पाहूनही मनाने घेतलं नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक. गेले दोन महिने तो अस्वलाच्या पावलांनी मुलाची वाट बघत होता.

तेवढ्यात काठावरच्या बांबूच्या बेटात काहीतरी सळसळलं. जड अंगाने कूस बदलावी तसं. मग घोगरा, कोंडलेला एक आवाज आला. पैकूने ताडलं, अस्वल बेटात सावलीला पडलंय, ऊन उतरलं की पाण्याच्या शोधात निघेल. त्याला बुजवून चालणार नव्हतं. हाक नाही, खोकला नाही, पाऊल न वाजवता तो मागे सरला आणि लांब गेल्यावर धावत सुटला.

"आलं, सरकार! आलं! उकरत उकरत वर येत हाय. पायाले काटे रुतले हायेत त्याच्या."

"सहाव्यावर थांबता कामा नये," बंदूकवाला म्हणाला. "तिथे जड काहीतरी टाक."

पैकूने गावातले दोन गडी घेतले, नाल्याच्या काठावरची काळी शिळा पहारींनी उचकटली आणि लोटत आणून सहाव्या झिऱ्याच्या तोंडावर बसवली. काठावर बसून तिघांनी घाम पुसला. गड्यांना त्याने सांगितलं, या पौर्णिमेला लालसू घरी असेल, जेवायला या.

दिवस मावळायच्या सुमाराला घळीत खरोखरच अस्वल आलं. म्हातारी मादी होती. डोंगराच्या बाजूने, झुलत झुलत, सरळ पाण्यावर गेली. दोन घोट तिला पिऊ दिले म्हणतात, मग बार झाला. पैकूने आनंदाने आरोळी ठोकली. घरी जाऊन तानूबाईला म्हणाला, "सुटला तुहा पोरगा." त्या माउलीने कितीतरी दिवसांनी गोड केलं, मोहाची फुलं शिजवली आणि लालसूचा वाटा झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पैकू कातडं सोलायला बसला. पोट फाडलं, बगला मोकळ्या केल्या, आणि पंजा सोलण्यासाठी हातात घेतला. तळवा धुळीने माखलेला होता, पण कोरडा. त्याने दुसरा पंजा बघितला. मग तिसरा, चौथा. एकाही पंजात काटा नव्हता. एकही ओरखडा नव्हता.

सुरी तिथेच टाकून तो उठला. बंदूकवाला मागून ओरडला, "अर्धं कातडं टाकून कुठे निघालास?" पण पैकू गाव ओलांडून नाल्यात पोचलासुद्धा होता.

लालसू शिळेशी पालथा पडला होता. दोन दिवस तो त्या वाटेने चालत आला होता, पहिल्या झिऱ्यापासून. तुंबा नव्हताच बरोबर. दर झिऱ्यावर त्याला काटे दिसले आणि दर झिऱ्यावर त्याला वाटलं असेल, पुढचा उघडा असेल, बाबाचा आहे. पाचव्यावर हात फाडून घेतले आणि दुपारी बांबूत जाऊन पडला. संध्याकाळी सहाव्याला आला, कारण सहावा कधी आटत नाही. गाव तिथून कोसभर होतं, पण शिळा हलवण्यात त्याचं उरलंसुरलं बळ गेलं. तिच्या कडेखालची वाळू त्याने नखांनी उकरली होती. बोटांची टोकं उरली नव्हती. उकरलेल्या भोकात तळाशी वाळू ओली होती, आणि ती ओली वाळू त्याच्या ओठांना लागलेली होती.

तीन माणसांनी लोटलेली शिळा पैकूने एकट्याने उलथून टाकली म्हणे. खाली ओंडका काठोकाठ भरलेला. त्याने ओंजळीने पाणी मुलाच्या तोंडात घातलं, ते गालावरून वाहून गेलं. पुन्हा घातलं. तानूबाई येऊन पोचली तोवर तो पाणी घालतच होता. आणि असं सांगतात की तिच्या देखत ओंडक्यातलं पाणी खाली खाली जाऊ लागलं. वीतभर गेलं, हातभर गेलं, मग तळाची वाळू दिसली, आणि ती वाळूही हळूहळू पांढरी पडली.

बंदूकवाला दुसऱ्या दिवशी शिंगं आणि कातडं गाडीत घालून निघून गेला. गरज सरो, वैद्य मरो. पुढे गावातले चौघे तालुक्याला जाऊन चौकशी करून आले. चितळ मारणारा खरा माणूस दुसरीकडेच सापडला होता, म्हणून लालसूला सोडून दिलं होतं. चिठ्ठी कुणाची आली नव्हती. म्हणजे पैकूने काहीच केलं नसतं तरी पोरगा घरी आला असता, नाल्यानाल्याने, सात ठिकाणी पाणी पीत.

पैकूने पाच झिरे मोकळे केले. त्यांना पाणी आलं. सहावा तो पाऊस लागेपर्यंत उकरत राहिला आणि पुरुषभर खाली काळ्या कातळाला जाऊन थांबला. पावसाळ्यात नाला त्या खड्ड्यावरून धो धो वाहिला, पण पुढच्या होळीनंतर पैकूने वाळूवर पालथा हात ठेवला तर ती तव्यासारखी. तरी त्याने उकरलं. मरेपर्यंत दर वर्षी उकरलं. तानूबाई त्याच्याशी त्या दिवसापासून एक अक्षर बोलली नाही, पण तो उकरायचा तेव्हा भरलेला तुंबा घेऊन काठावर उभी राहायची.

आजही होळीनंतरच्या पाचव्या दिवशी आधी सहावा झिरा उकरल्याशिवाय पाथरटोल्यात बाकीच्या झिऱ्यांना हात लावत नाहीत. पावसाने भरलेली वाळू घराघरातला एकेक माणूस उपसतो, थेट कातळापर्यंत. शिकलेली पोरं म्हणतात, खाली खडकाला भेग पडली असेल. असेलही. पाणी लागणार नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. कातळ लागला की गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस त्यावर पालथा हात ठेवतो आणि मान हलवतो. गेली नऊ वर्षं ती मान मीच हलवतो आहे. काठावर एक बाई भरलेला तुंबा घेऊन उभी असते. ती तो तुंबा तसाच भरलेला घरी नेते, आणि त्या घरात ते पाणी कुणी पीत नाही.