द्वारपालाचं मरण

"…आणि या द्वारपालाला मारलंस कशाला?" तातोबांनी विचारलं.

विश्राम हसला. या प्रश्नाची तर तो वाटच बघत होता.

"मारला कुठं, तातोबा? तारला त्याला!"

तातोबा म्हणजे चित्रकथा सांगणाऱ्यांतलं मोठं नाव. एकेक चित्र मांडीवर उभं करून ते बोलू लागले की रडतं पोरसुद्धा गप्प व्हायचं. विश्राम त्यांचा पट्टशिष्य. बत्तीस चित्रांची नवी पोथी त्यानं स्वतः रचली होती, स्वतःच रंगवली होती. राजा रणधीर, सात तोंडांचा असुर, ढगावर तरंगणारा गड, बोलणारी तलवार… काही म्हणून कमी ठेवलं नव्हतं. देवीची जत्रा पाच दिवसांवर आलेली. पण गुरूनं हो म्हटल्याशिवाय नवी पोथी लोकांपुढं उघडायची नाही, हा त्यांच्यातला रिवाज. बारा वर्षं विश्राम या दिवसासाठी थांबला होता. आणि म्हातारा अडून बसला होता कुणावर, तर एका द्वारपालावर!

"नीट सांग."

"तिसऱ्या चित्रात हा फितूर होतो. असुराला गडाचा दरवाजा उघडून देतो. एकतिसाव्यात राजावर आलेला बाण स्वतःच्या छातीवर घेतो. पाप फिटलं! बघा तुम्ही, बायका डोळ्यांना पदर लावतील."

"आणि राजा काय करतो?"

"त्याचं डोकं मांडीवर घेतो. माफ करतो त्याला."

"मेल्यावर?"

"मरता मरता."

"हं… आणि मधल्या सत्तावीस चित्रांत हा कुठं होता? कुठं निजत होता? लोक तोंडावर थुंकत होते, की तेही नाही?"

विश्रामला हसू आवरेना. "तातोबा, कथा राजाची आहे. हा आपला तोंडी लावण्यापुरता. पानातल्या लोणच्याला कुणी विचारतं का, बाबा रे, काल कुठं होतास?"

तातोबाही खळखळून हसले. पोराची जीभ तिखट आहे, याचं त्यांना कौतुकच होतं.

"बरं. मग असं कर, त्याला जगू दे."

"आँ? जगून काय करील तो? फितुराला मरणाशिवाय सुटका आहे का?"

"मरण काय रे… एका चित्रात आटपतं."

"आता बदलायचं म्हटलं तरी जमायचं नाही," विश्राम ठासून म्हणाला. "त्याच्या पाठीला बत्तिसावं चित्र आहे, राज्याभिषेकाचं. चिंचोक्याची खळ लावून दोन्ही कागद पाठीला पाठ चिकटवलेत. द्वारपाल गेला की राजाही जाणार."

तातोबांनी कागद उचलला. पुढून बघितला, मागून बघितला.

"सुरेख काढलायस," ते म्हणाले. मनापासून म्हणाले.

मग शेजारचा तांब्या उचलला आणि कागदावर ओतला.

"अहो! अहो, हे काय!"

लाल रंग पिवळ्यात उतरला. राजाचा मुकुट ओघळून सारवलेल्या जमिनीवर आला. विश्रामनं धोतराच्या सोग्यानं टिपायला घेतलं, तसं उरलंसुरलंही फिसकटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मात कधी गुरूपुढं आवाज चढवला नव्हता, तो आज चढला.

"बारा वर्षं चाकरी केली तुमची! बारा वर्षं! ती याचसाठी?"

"बारा नव्हेत," तातोबा शांतपणे म्हणाले. "मधली दोन वर्षं तू नव्हतास."

…

विश्रामची मान खाली गेली. त्या दोन वर्षांचा विषय तातोबांनी आजवर कधी काढला नव्हता. त्यांच्या आज्याच्या हातची पोथी चोरून विश्राम शहरात पळाला होता, स्वतःच्या नावानं खेळ करायला. नाव तर झालं नाहीच. वर एका गळक्या खोलीत पोथी भिजून तिचा लगदा झाला. सात वर्षांपूर्वी तोंड लपवत तो याच अंगणात परत आला होता.

"परत आलास त्या दिवशी मी तुझ्या हातात काय ठेवलं?"

विश्राम सोग्यानं जमिनीवरचा रंग पुसू लागला.

"सांग की. आत्ता तर जीभ चुरूचुरू चालत होती."

"…किल्ली. पेटीची."

"कसल्या पेटीची?"

"उरलेल्या पोथ्यांच्या."

त्याचा हात आपसूक कमरेच्या करगोट्याकडे गेला. किल्ली तिथंच होती. पहिलं वर्षभर तो त्या पेटीला पाठ टेकूनच झोपला होता. कसर लागू नये म्हणून रोज सकाळी एकेक पोथी उन्हात धरायची, कडुनिंबाचा पाला बदलायचा. आणि येणारा-जाणारा कुंपणावरून विचारायचा, काय विश्राम, आता कधी पळणार?

"त्यापेक्षा तुम्ही मला बडवून हाकलून दिलं असतं ना, तातोबा…" त्यानं किल्ली मुठीत घट्ट धरली. "सोपं गेलं असतं हो मला. फार सोपं गेलं असतं."

तातोबांनी मान डोलावली.

विश्रामनं डोळे पुसले. ओला कागद हलक्या हातानं बाजूला ठेवला.

"मग… जत्रेला पोथी उघडू की नको?"

"उघड की! पाच दिवस आहेत. पण आधी मला एवढं सांग, तुझा राजा माझ्याहून कद्रू कसा रे निघाला?"